आधी दोन, मग थांबून एक

४ मार्च

मला आसरा देणाऱ्या संस्थेच्या बाई म्हणाल्या, भीती वाटली की लिहून काढायचं, पोटातली थोडी कागदावर उतरते. मी म्हटलं, बाई, माझी सातवी झाली तीही ढकलत ढकलत. त्या म्हणाल्या, परीक्षा नाहीये. म्हणून लिहितेय.

त्यांनीच काम लावून दिलं. ऑफिसात झाडू-फरशी नि चहा. इथले लोक व्हिडिओ गेम बनवतात. दाढीमिशावाली मोठमोठी माणसं दिवसभर राक्षस नि तलवारी बघत बसतात आणि त्याला काम म्हणतात. सासूने बघितलं असतं तर म्हणाली असती, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

तळमजल्यावर मागच्या अंगाला पाळणाघर आहे. ठकी तिथे असते. ठकी म्हणजे माझी मुलगी, आता चौथं लागेल. खरं नाव वेगळं आहे, ते लिहीत नाही. पाळणाघरवाल्या मावशींना सांगितलं, माझ्याशिवाय कोणाच्या हातात द्यायची नाही. त्या म्हणाल्या, "बाप आला तरी?" मी म्हटलं, बाप आला तर अजिबातच नाही.

१२ मार्च

आज लेखकसरांशी बोलले. गेममधली माणसं काय बोलतील ते हे सर लिहितात. गेममध्ये एक वीर असतो, म्हणजे जो खेळतो तोच. त्याच्याबरोबर सोबती फिरतात. एक बुटका कुऱ्हाडवाला, एक म्हातारा जादूगार, एक बाण मारणारी पोरगी. खेळून बघायला बाहेरची मुलं बोलावली होती. खेळून झाल्यावर विचारलं, सोबत कोण कोण होतं? एकालाही नावं सांगता येईनात. एक म्हणाला, "तो दाढीवाला कोणीतरी होता ना?" मालक सरांवर असे ओरडले की मी किटली घेऊन दारातूनच मागे फिरले. कोणी कोणावर का ओरडेना, पाय माझे मागे जातात.

नंतर सर एकटेच त्या जादूगाराकडे बघत बसले होते. चहा ठेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढा डोंगर चढला हा बाबा, एकदा तरी पाय दुखतात म्हणाला का?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "ताई, बसा जरा."

बसले. ते म्हणाले, "खुर्ची का वळवलीत?"

मी खाली बघितलं तर खरंच, मी खुर्ची दाराकडे तोंड करून ओढून घेतली होती. माझं मलाच कळलं नव्हतं. सरांनी ते लिहून घेतलं.

१९ मार्च

नवीन सोबतीण तयार होतेय. तिचं नाव दिवटी. अंधारात वीरासाठी मशाल धरते आणि पाठीला लहान मूल बांधलेलं असतं. कुठून तरी पळून आलीय, तिच्या मागावर एक शिकारी आहे. चित्रकारताईंनी तिचं चित्र काढलंय. घरात शिरताना ती सगळ्यात शेवटी शिरते आणि दार दिसेल अशी उभी राहते.

मी म्हटलं, "ताई, ही जरा माझ्यासारखीच दिसते."

ताई सरांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही यांना विचारलंय ना?"

सर म्हणाले, "अगं, त्यांच्यामुळेच तर जन्माला आलीय ती."

आयुष्यात माझ्यामुळे चहा सांडला, आमटी करपली, घराची अब्रू गेली, असंच ऐकलंय. काहीतरी जन्माला आलं हे पहिल्यांदाच. मला छान वाटलं, खोटं कशाला लिहू.

२८ मार्च

रोज चहानंतर सर मला बसवून घेतात नि विचारतात. नवऱ्याचं नाव ते कधी विचारत नाहीत. फक्त, मग काय झालं, तेव्हा हात कुठे होते, मुलगी काय करत होती. असं शांतपणे माझं कोणीच ऐकलं नव्हतं, माझ्या आईनेसुद्धा. ती म्हणायची, पदरात पडलं नि पवित्र झालं.

आज शिट्टीचं सांगितलं. ठकीचा बाप जिना चढताना शिट्टी वाजवायचा, एकच धून. शिट्टी लांबली की समजायचं, आज पिऊन आलाय नि हात उठणार. शिट्टी ऐकली की ठकी पलंगाखाली. एकदम आत, भिंतीला चिकटून, तोंडातून आवाज नाही. मी हाक मारली तरी यायचं नाही, कारण हाक मारायला तो मला लावायचा. केस धरून लावायचा.

सर म्हणाले, "मग तिला कळायचं कसं, की आता बाहेर यायचं?"

तिथे मी कप आवरायला घेतले. ते फक्त आम्हा दोघींचं आहे. पण सर थांबून राहिले. त्यांनी पेनसुद्धा खाली ठेवलं. मग मी समोरची वाटी घेतली, चमच्याने वाजवून दाखवलं. आधी दोन, मग थांबून एक. घरात शांत झालं की मी अशी वाजवायची. ठकी खुदुखुदु हसत बाहेर यायची. दुसरं कशालाच यायची नाही.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवमाणूस आहे.

३ एप्रिल

सरांनी मालकांना समजावलं ते मी कपबश्या गोळा करताना ऐकलं. "सोबती लक्षात कधी राहतो? त्याने आपल्याला असं काहीतरी दिलं, जे दुसऱ्या कोणालाच दिलेलं नाही, तर. दिवटी घाईघाईत काही सांगणार नाही. तुम्ही तिच्यासाठी थांबलात, चोरी केली नाहीत, रात्री पहारा दिलात, तरच ती विश्वास टाकेल. मग ती तुम्हाला ती टकटक शिकवेल. वाटीवरची. ती वाजवली की लपलेलं मूल बाहेर येतं."

मालक म्हणाले, "आणि मग?"

सर म्हणाले, "मग पूल."

मालकांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "नालायका, छान आहे."

पूल म्हणजे काय ते मला कळलं नाही.

१० एप्रिल

दिवटीचा आवाज माझाच घेतायत. एक बाई आणल्या होत्या आवाजाच्या, त्या फार गोड बोलायच्या. सर म्हणाले, ही घाबरत नाहीये, घाबरल्याचं सांगतेय.

भिंतींना स्पंज लावलेली खोली आहे. कानाला हेडफोन लावून काचेमागे उभं राहायचं. "दादा, पुढे तुम्ही, मागचं मी बघते." "दादा, दुसऱ्याची पेटी आहे ती, राहू द्या." "दादा, थांबा ना जरा, पाय बघा माझे." माझीच वाक्यं आहेत सगळी. शिट्टी कशी ते विचारलं म्हणून तीही वाजवून दाखवली. तोंड सुकलेलं, तरी जमली. इतकी वर्षं ऐकलीय.

मी सरांना म्हटलं, "बाकी काही घ्या, टकटक तेवढी बदला. दोनाऐवजी तीन करा, काहीही करा. ती ठकीची आहे."

"हो हो ताई, बघतो."

१५ एप्रिल

आज लिहायचं नव्हतं. झोप येईना म्हणून लिहितेय.

ओरडण्याचे आवाज पाहिजे होते. मी ओरडले, सर म्हणाले, अजून. ओरडले, अजून. माझ्या ओरडण्यात काही दम नव्हता. सर म्हणाले, दोन मिनिटं शांत उभ्या राहा, काही करायचं नाही. मी उभी राहिले. आणि हेडफोनमध्ये शिट्टी वाजली. कानाच्या अगदी आत. लांबलेली.

शुद्धीवर म्हणावं तर शुद्धीवरच होते, पण मी टेबलाखाली होते, वायर गळ्याला अडकलेली नि साडी ओली. बाहेरून सरांचा आवाज येत होता, "बंद करू नका, बंद करू नका, हेच पाहिजे होतं."

चित्रकारताई आत धावत आल्या. त्यांनी त्यांचं जॅकेट माझ्या कमरेला बांधलं. सरांना म्हणाल्या, "लाज वाटत नाही?"

"सांगितलं असतं तर खरं आलं नसतं," सर म्हणाले. नंतर माझ्याजवळ येऊन सॉरी म्हणाले. ठकीला चॉकलेटचा मोठा डबा दिला. मोठी माणसं सॉरी कुठे म्हणतात? आमच्याकडे तर हात मोडल्यावरसुद्धा कोणी म्हणालं नव्हतं.

६ मे

पूल कळला.

बाहेरची मुलं पुन्हा खेळायला आली होती. मी चहा घेऊन मागे उभी होते. वीर नि दिवटी पुलावर येतात. मूल पुलाच्या कठड्यामागे लपलेलं असतं. समोर शिकारी उभा असतो, शिट्टी वाजवत. तो म्हणतो, पोर मला दे, तुला तेजाची तलवार देतो. मग खेळणाऱ्याने ठरवायचं. शिकाऱ्याशी लढायचं, नाहीतर वाटी वाजवायची.

एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "अरे येड्या, लढतो काय, टकटक कर! तलवार मिळते."

त्याने बटण दाबलं. आधी दोन, मग थांबून एक. मूल हसत बाहेर आलं नि सरळ शिकाऱ्याच्या हातात गेलं. दिवटी ओरडली. माझं ते टेबलाखालचं ओरडणं. मुलगा म्हणाला, "बाप रे, बाई काय ओरडलीय!" आणि तलवार फिरवून बघायला लागला.

त्यांच्यातल्या बहुतेकांनी वाटी वाजवली. एकानेच लढून बघितलं, तोही मेला, मग दुसऱ्या खेपेला त्यानेही वाजवली.

मी सरांना म्हटलं, "टकटक तीच राहिली."

ते म्हणाले, "ताई, बदलून बघितली. खोटी वाटते हो. कानाला कळतं." मग त्या मुलांकडे बोट दाखवून, "बघा, तलवार मिळाली तरी कसे गप्प बसलेत. आता जन्मात विसरणार नाहीत तिला."

एकजण तर वडा चघळत मोबाइल बघत होता. पण सरांना जास्त कळतं.

२० मे

गेमची जाहिरात मोबाइलवर आली. त्यात माझा आवाज आहे आणि ती शिट्टी. वॉचमनकाका म्हणाले, "काय बाई, आता तुम्ही फेमस! चहा कोण देणार आम्हाला?" सगळे हसले. मीही हसले. मग आठवलं. ठकीचा बाप कामावरून सुटला की दोस्तांबरोबर मोबाइलवर असलेच गेम खेळत बसायचा. हे मी सरांना सांगितलं होतं का? सांगितलं होतं. त्यांनी तेही लिहून घेतलं होतं.

२७ मे

तो आला होता.

मी वरच्या मजल्यावर फरशी पुसत होते. वॉचमनकाका धापा टाकत आले, "बाई, खाली एक माणूस आहे, इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलतो. जाहिरातीतली शिट्टी माझी, आवाज माझ्या बायकोचा म्हणतो. मी म्हटलं इथे अशी कोणी बाई नाही. पण तेवढ्यात लेखकसर आले नि त्याला आत घेऊन गेले."

चित्रकारताईंनी मला सामानाच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. मी मोठ्याने सांगत होते, ठकी खाली आहे, आधी ठकीला आणा. त्या म्हणाल्या, आणते, तुम्ही आवाज करू नका. मग त्यांनाच मालकांनी बोलावून घेतलं.

किती वेळ गेला माहीत नाही. कडी सरांनी उघडली. त्यांचा चेहरा असा, जणू त्यांना मुलगा झालाय.

"ताई, तो रडला! मी त्याला काही बोललो नाही. खेळायला बसवलं. पहिल्यापासून नाही, दिवटी टकटक शिकवते तिथून थेट पुलापर्यंत. म्हटलं, तू काय केलंस ते तुझ्याच डोळ्यांनी बघ. आणि पुलावर ताई, त्याने वाटी वाजवली नाही. रिमोट खाली ठेवला नि हमसून हमसून रडला. एवढ्या लोकांत तो एकटा असा निघाला. पाया पडला माझ्या. गेला निघून."

"ठकी कुठे म्हणून विचारलं का त्याने?"

"पत्ता मी दिला नाही, वेडा आहे का मी? एवढंच म्हटलं, मुलगी मजेत आहे, खालीच खेळत असते दिवसभर."

जिना मी उतरले की पडले ते आठवत नाही.

पाळणाघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. मला बघून आधीच हात जोडले त्यांनी. "माझी चूक नाही बाई. तो आला, शिट्टी वाजवत आला. पोर गादीच्या गठ्ठ्यामागे गेली. मी म्हटलं, इथे तुमची कोणी नाही. तो म्हणाला, बरं. शोधलंसुद्धा नाही त्याने. खाली बसला, पोरांच्या खाऊची वाटी घेतली नि चमच्याने वाजवली. आधी दोन, मग थांबून एक. बाई, पोर हसत आली पळत! मला वाटलं बापलेकीचा खेळ असेल. आपणहून गेली, मी कशी ओढून ठेवू?"

हसत आली. हसत.

२८ मे

चौकीत सांगितलं. बाप आहे, नेली तर नेली, घरचं घरात मिटवा, म्हणाले. संस्थेच्या बाई त्यांच्याशी भांडल्या. आता कोर्टात अर्ज करायचा, वेळ लागेल, म्हणाल्या. तुम्ही एकट्या तिकडे जाऊ नका, म्हणाल्या. मी मान हलवली.

वाटी, चमचा नि ही वही पिशवीत घातलीय.

२९ मे, दुपारी

जाऊन आले नाही. गेलेच. आता त्याच घरात, तो झोपल्यावर लिहितेय.

तो कामावर असेल अशा वेळी गेले होते. दाराला बाहेरून कुलूप. दाराशी बसून वाटी वाजवली. आतून पावलं आली, धावत. फटीतून चार बोटं बाहेर आली. "आई, तू खोटी नाहीस ना?" असं विचारलं तिने. मी म्हटलं, खरीच गं. ती म्हणाली, "मग परत वाजव."

मी वाजवायला चमचा उचलला नि खालून शिट्टी आली.

बोटं आत गेली. पावलं आत गेली. आणि मी? मी आई, मी तिथेच उभं राहायचं होतं. मी जिन्याच्या वरच्या वळणावर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले, गुडघ्यात तोंड घालून. वाटी तिथेच दारात राहिली.

तो वर आला. थांबला. वाटी उचलल्याचा आवाज आला. हसला थोडंसं. मग त्याने वाजवली. आधी दोन, मग थांबून एक.

मला माहीत होतं तो आहे. तरी माझा पाय पुढे पडला. आपोआप पडला. आणि मी बाहेर आले.

तो म्हणाला, "या, राणीसाहेब."

१८ जून

ठकी माझ्याजवळ आहे, हे आधी लिहिते.

डावा हात बांधलेला आहे, पण लिहायचा उजवा आहे. वही डब्यांच्या मागे ठेवते.

गेम विकायला आलाय. अख्खी गल्ली तोच खेळते. हा पण रोज खेळतो. बाहेरच्या खोलीत मी ओरडते आणि आतल्या खोलीत मी भाकरी थापते. हा पुलावर वाटी वाजवतो, पुन्हा मागे जातो, पुन्हा वाजवतो. सरांपुढे रिमोट खाली ठेवला होता म्हणे. तलवार त्याच्याकडे कधीची आहे.

खालच्या पोरांनी मोबाइलची रिंग म्हणून तीच टकटक लावलीय. कोणाचाही फोन वाजला की ठकी पलंगाखालून हसत बाहेर येते, मला शोधते. हा तिला तसं बाहेर काढून दोस्तांना दाखवतो. ते हसतात.

आज सरांचा फोन आला, याच्याच मोबाइलवर; नंबर त्या दिवशीच घेतला होता म्हणे. याने स्पीकर लावून मला दिला नि समोर बसला. सर म्हणाले, "ताई, लोक रडताहेत! सगळीकडे दिवटी, दिवटी. दुसऱ्या भागातही तीच पाहिजे म्हणतात. तुम्ही घरी परत गेलात असं कळलं. बरं आहे ना सगळं?"

मी म्हटलं, "हो, बरं आहे."

"मी म्हटलं नव्हतं? माणूस बदलतो. गोष्टीत ताकद असते हो."

चित्रकारताईंनी मागून फोन ओढून घेतला. "तुम्ही खरं बोलताय ना? फक्त हो नाहीतर नाही म्हणा." त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो."

फोन ठेवून तो म्हणाला, "दुसऱ्या भागाचे पैसे जास्त माग त्यांच्याकडे."

२ जुलै

गेल्या आठवड्यात टकटकीची जुनी खूण आम्ही दोघींनी मोडली. आता फोन वाजो, वाटी वाजो, मी स्वतः वाजवो, ठकी बाहेर येत नाही. शिकवायला वेळ लागला, फार रडली. टकटक ऐकून तिचं तोंड हसरं व्हायचं नि मला ते दाबून धरावं लागायचं. काल याने दोस्तांसमोर वाटी वाजवली. वाजवली, वाजवली. कोणीच आलं नाही. दोस्त हसले, पण त्याला हसले. त्यापायी माझं जे व्हायचं ते झालं, ते जाऊ दे.

दुपारी एक अनोळखी बाई तयार कपडे विकायला म्हणून दाराशी आल्या. कपड्यांखाली चित्रकारताईंचं जॅकेट होतं, त्या दिवशी माझ्या कमरेला बांधलेलं तेच. त्याच्या खिशात चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं. फक्त जॅकेट. मी ते परत केलं नाही. बाई म्हणाल्या, "बरं, परत येईन मग."

आता नवीन खूण आहे. ठकीची नि माझी. ती आली की ठकीने बाहेर यायचं, चपला घालायच्या नाहीत, मागे बघायचं नाही, माझा हात धरायचा. तिला एकदा सांगितलं नि एकदाच विचारलं. तिने बरोबर केलं.

ती कशी आहे ते लिहीत नाही. संस्थेच्या बाईंनी विचारलं तरी सांगणार नाही.